नातवंडाच्या सायकलबरोबर धावताना

रोज सकाळी कमाटीबागेत फिरणारे आम्ही काही आजोबा सुट्टीत आणखी एक काम करतो: सोसायटीच्या रस्त्यावर नातवंडाच्या सायकलबरोबर धावणे. त्यातून कळलेल्या चार गोष्टी सभासदांसाठी देत आहोत.

मूल शिकत असेल तर हँडल धरू नये. तोल जातो त्या बाजूला हँडल किंचित वळवले की सायकल सावरते. हँडल आपणच धरले तर मुलाला हे कळतच नाही. मागून सीट धरावी. सीट इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील.

शिकलेले मूल रस्त्याच्या डाव्या कडेने चालेल आणि आपण त्याच्या उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला राहू, असे पाहावे.

खरी अडचण वेगाची. आम्ही तासाला जेमतेम ७ किलोमीटर धावतो. मूल सहज १० च्या पुढे जाते. एकदा आमच्यातल्या एकाची नात थेट नाक्यापर्यंत गेली आणि आजोबा मागे ओरडत राहिले. तेव्हापासून निघण्याआधी ब्रेक तपासतो, दाबून थांबण्याचा सराव घेतो आणि कुठल्या विजेच्या खांबाशी थांबायचे ते ठरवतो.

धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर सरळ चालावे. धाप लागली की "थांब" हा शब्दही वेळेवर तोंडातून निघत नाही. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आता ती नात खांबाशी थांबून हाक मारते, "आजोबा, या ना लवकर!" आम्ही सावकाश पोहोचतो.