विमानतळावरील सुरक्षा आणि प्रवाशाची संमती

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेल्या विमानाचे अपहरण झाले व ते कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांच्या रक्षणाची जबाबदारी टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. सर्वांच्या जिवासाठी झडतीची गैरसोय सोसावी, हे प्रवाशांनीही मान्य केले.

परंतु झडती क्षणात संपते. साठविलेली माहिती मागे उरते. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे 'डिजियात्रा' योजना सुरू झाली. २०२३ मध्ये ती पुणे व मुंबई येथेही आली. तीत प्रवाशाचा चेहरा हीच त्याची ओळख ठरते. झडती मात्र चुकत नाही. योजना ऐच्छिक असून, विमान सुटल्यापासून २४ तासांत विमानतळावरील माहिती पुसून टाकावी, असा नियम आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. या हक्कावरील मर्यादेस कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी होय.

यास्तव 'ऐच्छिक' या शब्दाची परीक्षा प्रवेशद्वारापाशीच होते. ओळखपत्र व तिकीट दाखवून जाण्याची वाटही खुली आहे, हे प्रवाशास ठाऊक नसेल, तर त्याच्या होकारास अर्थ उरत नाही. कचेरीत, शाळेत वा ग्रामपंचायतीत नागरिकाची माहिती घेताना ती कशासाठी व किती काळासाठी घेतली जात आहे, हे त्यास आधी सांगणे, हेही आपले कर्तव्यच होय.