पुरात भिजलेली सेकंड हँड कार स्वस्तात मिळतेय, घ्यावी का? मोबाईलवर असं तपासा

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर एका कारचे फोटो पाठवले. पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रंग चकाचक, किंमत १ लाख ९० हजार. तशाच चांगल्या गाडीचा भाव ३ लाख २० हजारांच्या आसपास होता. विकणाऱ्याने लपवलं काहीच नव्हतं. "पुराचं पाणी आत आलं होतं, पण सगळं काम करून घेतलंय," असं त्याने सरळ सांगितलं. काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, म्हणून भावाला गाडी लवकर हवी होती. "दादा, टोकन देऊ का?"

मी म्हटलं, थांब. आधी एकच प्रश्न विचार: पाणी कुठपर्यंत आलं होतं?

पाण्याची पातळी का महत्त्वाची?

पाणी फक्त कार्पेटपर्यंत आलं असेल आणि लगेच काढून वाळवलं असेल, तर गाडी वाचू शकते. सीटपर्यंत आलं असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर दोन सीट्सच्या मध्ये, खाली बसवलेला असतो. वायरिंगचे जोडही तिथूनच जातात. हे जोड लगेच बिघडत नाहीत. हळूहळू गंजतात आणि काही महिन्यांनी त्रास देतात. डॅशबोर्ड बुडाला असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

पाण्यात उभ्या गाडीला कोणी स्टार्टर मारला होता का, हेही विचारा. पाणी दाबलं जात नाही. ते सिलेंडरमध्ये गेलं आणि इंजिन फिरलं, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

मोबाईलवर काय तपासायचं?

१. एम-परिवहन ॲप: गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. पण 'पुरात बुडालेली' असं आरसीवर कुठेही छापलेलं नसतं. म्हणून इथे सगळं ठीक दिसलं तरी निश्चिंत होऊ नका.

२. विम्याच्या पॉलिसीचे पीडीएफ: मागच्या तीन वर्षांचे मागून घ्या आणि त्यात 'नो क्लेम बोनस' शोधा. क्लेम नसेल तर हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. क्लेम घेतला की सहसा शून्यावर येतो. पुरानंतरच्या वर्षी तो शून्य दिसला, तर क्लेमचे कागद आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट मागा. बोनस शाबूत असेल, तर दुरुस्ती मालकाने स्वतःच्या खिशातून केली असणार. मग गॅरेजची बिलं दाखवायला सांगा.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. अशी प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. काही लिलावात विकल्या जातात आणि दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात.

३. ओबीडी स्कॅनर: स्टेअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की मोबाईलच्या ॲपवर इंजिनचे एरर कोड दिसतात. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, कारण ते एका बटणात पुसता येतात. त्याऐवजी 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' हा आकडा बघा. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत तो शून्य होतो, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. पण कारण नक्की विचारा. आणि हो, साध्या ॲपला एअरबॅगचे कोड सहसा दिसत नाहीत. त्यासाठी गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागतो.

४. टॉर्च आणि कॅमेरा: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. मग सीटचे रूळ, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू बघा. जिथे डोकं जात नाही तिथे मोबाईल घालून व्हिडिओ काढा.

आता हिशोब

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी बघून उरलेल्या कामाचा अंदाज लिहून दिला: ७० हजार. पुढे विकताना 'पुरातली गाडी' म्हणून किमान ५० हजार कमी येतील, असं आम्ही धरलं. म्हणजे ३ लाख २० हजारांतून १ लाख २० हजार वजा. उरले २ लाख. मागणी १ लाख ९० हजारांची. जी गाडी १ लाख ३० हजारांनी स्वस्त वाटत होती, ती खरं तर दहाच हजारांनी स्वस्त होती. आणि त्या दहा हजारांत पुढची सगळी जोखीम आपली!

हाच हिशोब तुम्हीही करा. चांगल्या गाडीच्या भावातून लेखी अंदाज आणि विकतानाचं नुकसान वजा करा. वर जोखमीसाठी चांगली रक्कम बाजूला ठेवा. मागितलेली किंमत त्याच्या खाली असेल तरच बोलणी करा. टोकन मात्र तपासणीनंतरच द्या.

मग भावाने काय केलं?

विकणारा म्हणत होता, दोन महिने रोज चालवतोय. ॲपवर कोड पुसल्यानंतरचं अंतर निघालं ११ किलोमीटर. विचारल्यावर तो म्हणाला, "बॅटरी बदलली असेल." बिल नव्हतं. ड्रायव्हरचा सीट बेल्ट ओढला, तर मातकट रेघ त्याच्या छातीपर्यंत आली. म्हणजे पाणी सीटच्याही वर गेलं होतं.

भाऊ थोडा नाराज झाला, पण त्याने ती गाडी सोडली. अशी गाडी कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पाणी कार्पेटपुरतं होतं, बिलं आहेत आणि तुम्ही ती गावातल्या गावात चालवणार असाल, तर विचार करायला हरकत नाही. पण ज्या गाडीने पहाटे पेशंटला घेऊन निघायचंय, ती रस्त्यात बंद पडून चालत नाही. सध्या काका शेजाऱ्यांच्या गाडीने जातात, डिझेलचे पैसे भाऊ देतो, आणि शोध चालू आहे.