मुक्काम पोस्ट हुबळी

पुण्याहून बंगळुरू साधारण साडेआठशे किलोमीटर. मुलगा किंवा मुलगी तिकडे आयटीत, आजी-आजोबा इकडे, त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात कितीतरी मराठी घरांत एकच बेत ठरतो: पहाटे चारला निघायचं आणि रात्री थेट बंगळुरूत जेवायचं. हिशेबात चौदा तास धरलेले असतात. पण सातारा ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामांनी आणि वळणरस्त्यांनी वेळ खाल्लेला असतो, मुलांना मध्येच मळमळलेलं असतं, जेवायला तास गेलेला असतो. रात्री नऊ वाजता गाडी कशीबशी चित्रदुर्गला पोचते. अजून दोनशे किलोमीटर बाकी. गाडी चालवणारा डोळे चोळत म्हणतो, “आता काय, आलंच!”

या तीन शब्दांची भीती बाळगायला हवी. पहाटेपासून जागा असलेला माणूस अंधारात चाकामागे बसला की डोळे उघडे असूनही मेंदू क्षणभर मिटतो. अशी डुलकी दोन-तीन सेकंदांचीच असते आणि ती लागली होती हे स्वतःलाही कळत नाही. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत ऐंशी मीटरहून जास्त अंतर ती कोणाच्याही ताब्यात नसते, आणि पुढे टेललाइट नसलेला उसाचा ट्रॅक्टर असू शकतो. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, चहा पिणं यांनी थोडा वेळ निभावतं. झोपेवर उपाय झोपच.

पगारी चालकांसाठी देशात १९६१ साली मोटर वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात सांगितलं होतं. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या बाबांना मात्र कोणी अडवत नाही. ते काम घरच्यांनीच करायचं असतं आणि ते रात्री नऊला नव्हे, निघण्याआधी करायचं असतं.

मुक्काम कुठे, हा प्रश्न नकाशावर सोडवायला बसलं की बोट आपोआप हुबळी-धारवाडवर येतं. पुण्याहून हुबळी सव्वाचारशेच्या आसपास, तिथून बंगळुरू चारशेच्या आसपास. सकाळी सातला आरामात निघालेली गाडी कोल्हापूरला जेवून संध्याकाळी उजेडात तिथे पोचते. उजेडात पोचणं महत्त्वाचं, कारण खोली पसंत पडली नाही तर दुसरी शोधायला अंगात ताकद उरलेली असते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर बेळगावलाच थांबावं. पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आत आणि मराठी सगळीकडे चालतं.

बेळगाव मागे पडलं की पाट्या कन्नड होतात. महाराष्ट्रात ‘हॉटेल’ म्हटलं की मिसळ-भजी आधी आठवतात. कर्नाटकातही हॉटेल म्हणजे बहुतेकदा खाण्याचीच जागा. झोपायची जागा म्हणजे लॉज. कन्नड पाटीवर त्यालाच ‘वसति गृह’ लिहिलेलं असतं. मराठी माणूस ते ऐकून विद्यार्थ्यांचं वसतिगृह समजतो आणि पुढे निघून जातो.

खोली ॲपवर बघावी, पण ठरवण्याआधी एक फोन करावा. फोटोतला पलंग सगळीकडे सारखाच दिसतो. फोनवर विचारायच्या गोष्टी वेगळ्या: गाडी आवारात राहील की रस्त्यावर? लिफ्ट आहे का? कमोड आहे का? गरम पाणी चोवीस तास की सकाळी सहा ते नऊ? स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? आणि चेक-आउट दुपारी बाराला की चोवीस तासांचं? जुन्या लॉजमध्ये अजून चोवीस तासांची पद्धत सापडते. रात्री उशिरा पोचणाऱ्याला ती सोयीची पडते.

पोचल्यावर सामान उतरवण्याआधी खोली बघून घ्यावी. यात संकोचाचं काही नाही, लॉजवाल्यांना त्याची सवय असते. नळ सोडून बघावा, गिझर लावून बघावा, कडी आतून नीट बसते का ते तपासावं. मग खिडकी उघडून दोन मिनिटं नुसतं उभं राहावं. महामार्गाकडे तोंड असेल तर चढावर गिअर बदलणारे ट्रक आणि प्रेशर हॉर्न रात्रभर उशाशी असतात. त्याच इमारतीतली मागच्या बाजूची खोली मागितली की बहुधा मिळते आणि भाडंही तेवढंच असतं. गावातल्या बसस्टँडजवळचे लॉज स्वस्त पडतात, पण तिथे गाडी लावायची पंचाईत. म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी बायपासला लागून असलेलं, पण रस्त्यापासून थोडं आत असलेलं ठिकाण निवडावं.

ही तपासणी काही आजची नाही. ब्रिटिश सरकारने १८६७ साली सराईंसाठी कायदा केला. त्यात सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, राखणदार ठेवावा आणि दरपत्रक दिसेल असं लावावं, अशी कामं सांगितली होती. स्वच्छ पाणी, वॉचमन आणि भिंतीवरचे दर: आजचा प्रवासीही हेच शोधतो.

पावसाळ्यात एक काळजी जास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर चढलं आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रद्द करता येईल असंच बुकिंग घ्यावं. लग्नसराईत उलट अडचण, तेव्हा आधी बुकिंग नसेल तर खोली मिळत नाही, कारण अख्खा लॉज वऱ्हाडाने भरलेला असतो.

भाड्याची गाडी असेल तर आणखी एक प्रश्न फोनवरच विचारावा, आणि तो सगळ्यात आधी विचारावा: ड्रायव्हर कुठे झोपतील? घरची मंडळी एसी खोलीत आणि ड्रायव्हरदादा पार्किंगमध्ये, सीट मागे करून, काच चार बोटं खाली घेऊन, डास मारत. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला खटकतही नाही. उद्या सकाळी त्याच माणसाच्या हातात नातवंडांसह सगळं घर सोपवायचं असतं. तमिळनाडू सरकारने २०२३ साली बांधकाम नियम बदलून हॉटेल आणि लॉजमध्ये पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची व स्वच्छतागृहाची सोय बंधनकारक केली. महाराष्ट्राने हा नियम जसाच्या तसा उचलावा. तोवर एक साधी नॉन-एसी खोली त्यांच्यासाठी घ्यावी. ते जमत नसेल तर निदान डॉर्मिटरीतली खाट, धुतलेली चादर आणि सकाळी अंघोळीला गरम पाणी एवढं तरी व्हावं.

रात्री साडेनऊला दिवे मालवले की सकाळी सहाला निघता येतं. हावेरी मागे टाकून साडेआठच्या सुमारास दावणगेरे येतं. तिथला बेण्णे डोसा म्हणजे कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, वर वितळणारा लोण्याचा गोळा आणि बाजूला बटाट्याची पांढरी भाजी. पुढे चित्रदुर्गचा किल्ला बघायला दोन तास काढले, तरी तुमकुरूनंतरच्या नेलमंगलच्या संध्याकाळच्या कोंडीआधी गाडी बंगळुरूत शिरते.