वेगातला फरक : गोळीचा की यंत्राचा?

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी 1742 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तोफशास्त्रावरील ग्रंथात मांडली. टांगलेल्या जड लंबकात गोळी रुतवायची, लंबक किती मागे झुलला हे त्याला जोडलेल्या फितीवरून पाहायचे आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने वेग काढायचा, असे तिचे स्वरूप होते. आज हेच काम तळहाताएवढे रडार करते, आणि म्हणूनच जुना, छायेवर चालणारा वेगमापक, म्हणजे क्रोनोग्राफ, बाजूला ठेवून नवा घ्यावा का, हा प्रश्न क्रीडा नेमबाजांपुढे वारंवार येतो.

जुन्या प्रकाशीय क्रोनोग्राफमध्ये दोन प्रकाशसंवेदक ठरावीक अंतरावर बसवलेले असतात. गोळीची छाया पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावर पडली की थांबते, आणि अंतराला वेळेने भागून वेग मिळतो. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात वापरली जाणारी .22 ची गोळी साधारण सेकंदाला 325 मीटर वेगाने नळीबाहेर पडते आणि संवेदकांमधले 60 सेंटीमीटर अंतर ती सुमारे 1,850 मायक्रोसेकंदांत, म्हणजे दोन हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळात कापते. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तरी वेगात पडणारा फरक सेकंदाला 0.2 मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे दोष घड्याळाच्या माथी मारण्याची जी सवय आहे, ती बहुधा चुकीची असते.

खरी अडचण अंतर आणि प्रकाश यांची आहे. संवेदकांमधले अंतर 3 मिलिमीटरने चुकले की वेग अर्ध्या टक्क्याने, म्हणजे 1.6 मीटरने चुकतो. यंत्र गोळीच्या मार्गाशी 5 अंशांनी तिरके बसले तर गोळीला अधिक अंतर कापावे लागून वेग सुमारे 0.4 टक्क्याने कमी दिसतो. या त्रुटी प्रत्येक फैरीत सारख्याच राहतात, म्हणून त्यांना पद्धतशीर त्रुटी म्हणतात. ढग सरकल्याने किंवा सूर्य कलल्याने छाया कधी थोडी आधी, कधी थोडी उशिरा नोंदली जाते, तेव्हा मात्र चूक दर फैरीला बदलते, आणि ही यादृच्छिक त्रुटी होय. बंदिस्त रेंजवर आणखी एक उपद्रव असतो: आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो आणि संवेदक त्यालाच फसतात.

हा भेद निर्णायक आहे. काडतुसांच्या दोन लॉटांपैकी कोणता अधिक एकसारखा आहे, एवढेच ठरवायचे असेल तर पद्धतशीर त्रुटीने बिघडत नाही, कारण ती दोन्हीकडे सारखीच असते. यादृच्छिक त्रुटी मात्र थेट लॉटच्या नावावर जमा होते. दोन स्वतंत्र विखुरणी साध्या बेरजेने एकत्र येत नाहीत, तर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे वर्गांच्या बेरजेने येतात. लॉटचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती वेग किती पसरतो याचे माप, 3 मीटर असेल आणि यंत्राचे 4, तर पडद्यावर 5 दिसते आणि चांगला लॉट विनाकारण नापास होतो. यंत्राचे विचलन 1 मीटर असेल, तर 3 च्या जागी जेमतेम 3.2 दिसते. अशा यंत्राच्या जागी नवे आणून हाती येणारा फायदा नगण्य असतो.

तीन मीटरचा फरक लक्ष्यावर कितीसा दिसतो? सेकंदाला 325 मीटर वेगाची गोळी 50 मीटर जाईपर्यंत गुरुत्वाने सुमारे 12 सेंटीमीटर खाली येते. वेग 3 मीटरने घटला तर ती आणखी सुमारे 2 मिलिमीटर खाली लागते. दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते आणि दशांश गुणमोजणीत 0.1 गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर, त्यामुळे हे 2 मिलिमीटर फुकाचे नाहीत. हजार यार्डांवर नेम धरणाऱ्याचे गणित वेगळे असते. तेथे सेकंदाला 800 मीटर वेगातली अर्ध्या टक्क्याची चूक गोळीला 10 सेंटीमीटरहून अधिक वरखाली करते, म्हणून त्याला पद्धतशीर त्रुटीचीही फिकीर करावी लागते.

नव्या यंत्रांपैकी नळीला बांधायचा चुंबकीय वेगमापक प्रकाशावर अवलंबून नसतो, परंतु त्याच्या वजनाने नळीची कंपने बदलतात आणि गोळी लागण्याची जागा सरकते, त्यामुळे वेग आणि नेम यांची परीक्षा एकाच वेळी घेता येत नाही. डॉप्लर रडार नळीच्या शेजारी नुसते ठेवले तरी चालते. त्याने सोडलेल्या लहरी दूर जाणाऱ्या गोळीवरून परतताना वारंवारतेत किंचित उतरतात. 24 गिगाहर्ट्‌झच्या लहरीत ही उतरण .22 च्या गोळीसाठी सुमारे 52 किलोहर्ट्‌झ भरते आणि तीवरून वेग निघतो. 2023 मध्ये आलेल्या गार्मिनच्या अशा यंत्राची अचूकता उत्पादक 0.1 टक्का सांगतो आणि त्याची किंमत अमेरिकेत सुमारे 600 डॉलर होती.

खरेदीपूर्वी एक चाचणी कोणालाही करता येईल. क्लबातील कोणाचे तरी रडार मागून आणावे, जुन्या क्रोनोग्राफवरून 20 फैरी झाडाव्यात आणि प्रत्येक फैरीतील दोन्ही आकड्यांची वजाबाकी मांडावी. वजाबाकीची सरासरी ही पद्धतशीर त्रुटी असते; वजाबाकी जितकी पसरेल, तितकी जवळजवळ सगळी जुन्या यंत्राची यादृच्छिक त्रुटी समजावी. पाच फैरींवर निवाडा करण्याचा मोह टाळावा: पाच फैरींत 4 मीटर दिसलेले विचलन प्रत्यक्षात 2.4 पासून 11.5 पर्यंत कोठेही असू शकते, तर वीस फैरींत हीच मर्यादा 3 ते 5.8 इतकी आवळते. ही अनिश्चितता यंत्र कितीही महाग असले तरी जात नाही, ती केवळ अधिक फैरींनीच कमी होते. म्हणून जुन्या यंत्राची यादृच्छिक त्रुटी लॉटच्या विचलनाच्या एक तृतीयांशाहून कमी भरली, तर पैसे काडतुसांवर खर्च करणे शहाणपणाचे. ती लॉटच्या विचलनाइतकी किंवा अधिक भरली, किंवा सराव ट्यूबलाइटखालीच होत असेल, तर रडार घ्यावे.