गजभर सुई आणि एक साधा हिशेब

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांतून लस टोचली जात होती. राजुऱ्यात आमच्या एका शेजाऱ्यांनी मला गाठले. "सर, खरे सांगा. ही लस घेतली की पुढे मूल होत नाही म्हणतात. पोरीला उद्या शाळेत पाठवू की नको?"

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण विधान पडताळायचे कसे, हे तर आमचे रोजचेच काम. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब असा. अमेरिकेत रुबेलाची लस १९६९ पासून देतात. तेव्हा लस घेतलेल्या मुली पुढे आया झाल्या, त्यांच्या मुलांनाही लस दिली गेली आणि त्यांनाही मुले झाली. अफवा खरी असती, तर ही दुसरी पिढी आलीच कोठून?

आता रुबेला म्हणजे काय ते पाहू. थोडा ताप, अंगावर पुरळ, तीन-चार दिवसांत बरे. मुलांना तो फारसा छळत नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. चौकशी केली, तेव्हा बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाल्याचे आढळले. विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. मग मूल आंधळे, बहिरे वा हृदयदोष घेऊन जन्मते; कधी गर्भपातही होतो. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत अशी सुमारे २०,००० मुले जन्मली. म्हणजे संततीवर घाला घालतो तो रोग, आणि ज्या लसीने तो टळतो तिच्यावरच आळ!

लशीत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. त्याच्याशी झुंजताना शरीर प्रतिपिंडे तयार करते. खबरदारी म्हणून गर्भवतीला ही लस देत नाहीत. म्हणूनच ती आधी, लहानपणी घ्यायची.

ही अफवा मात्र जुनी आहे. १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. ती पंजाबात पोचली तेव्हा वावड्या उठल्या, की सुई गजभर लांब असते, पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात. रोग बदलला, लस बदलली, वावडी तीच! तरीही सरकारी सुईकडे संशयाने पाहणाऱ्या आजीला मी वेडी म्हणणार नाही. आणीबाणीतील नसबंदीची सक्ती तिने पाहिलेली असते. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. ती भीती खरी होती, फक्त तिचा या लशीशी संबंध नाही.

शेजाऱ्यांनी सारे ऐकून घेतले. मग विचारले, "ताप येईल का?"

"येऊ शकतो," मी म्हणालो, "दंडही दुखेल."

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली.