लव्हेंडर आणि थोड्या पाण्याची बाग



बागेंतील रोप सुकूं लागलें कीं त्याला पाणी कमी पडलें, असें आपण सहज समजतों आणि झारी उचलतों. लव्हेंडरच्या बाबतींत ही माया बहुधा घातक ठरते. तें तहानेनें क्वचितच मरतें. मुळांशीं सांचलेल्या पाण्यानें मात्र लवकर कुजतें.

ह्याचें कारण त्याच्या जन्मभूमींत आहे. तुळशीच्या कुळांतील हें सुगंधी झुडूप मूळचें भूमध्य समुद्राच्या परिसरांतील खडकाळ डोंगरउतारांवरचें. तेथें उन्हाळा कोरडा असतो आणि पडलेलें पाणी दगडांमधून निथळून जातें. पानें अरुंद असून त्यांवर करडी लव असते. त्यामुळें पानांतील ओल सहसा उडून जात नाहीं.

हा स्वभाव जाणून केलेली एक बाग इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत आहे. १९८९ ते १९९२ ह्या काळांत त्या देशाच्या आग्नेय भागांत अवर्षण पडलें व पुष्कळ ठिकाणीं बागेस नळीनें पाणी घालण्याची मनाई झाली. त्याच सुमारास कोलचेस्टरजवळ बेथ चॅटो (१९२३–२०१८) ह्या विदुषीनें मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर बाग उभारली. वर्षाचा पाऊस सुमारें २० इंच, जमीन वाळूची व खडीची, आणि नियम एकच: झाडें एकदां लागलीं कीं त्यांना पाणी घालावयाचें नाहीं.

नियम कडक, तशीच तयारीहि कसून. चाकांखालीं दबलेली जमीन खोलवर फोडली, तींत कुजलेलें खत मिसळलें, रोपें चांगलीं भिजवून लावलीं आणि वर खडीचा थर पसरला. खडीखालीं ओल टिकते, तण कमी माजतें व बुंधा कोरडा राहतो. ह्या बागेंत लव्हेंडर सुखानें फुललें.

आपल्याकडे उष्मा आणि पाऊस एकदमच येतात. हें त्याला मानवत नाहीं. म्हणून हौस असल्यास तें तळाशीं भोंक असलेल्या कुंडींत, निम्मी जाड वाळू मिसळून लावावें. भरपूर ऊन द्यावें, पावसाळ्यांत वळचणीच्या आंत घ्यावें, आणि माती वाळल्यावांचून पाणी घालूं नये. फुलें सरल्यावर हिरवे शेंडे छाटावेत. जुन्या लांकडास हात लावूं नये, कारण तेथून सहसा नवा फुटवा येत नाहीं.

जमिनीशीं झगडून झाड जगविण्यापेक्षां जमिनीला साजेल तें झाड निवडावें, हेंच ह्या बागेचें सांगणें आहे. पाणी वांचतें तें ह्या निवडींत.