बेलेम : दोन मित्र उतरले ते बंदर

ॲमेझॉनच्या मुखाजवळचं बेलेम ब्राझीलमध्ये आंब्याच्या झाडांचं शहर म्हणून ओळखलं जातं. पोर्तुगिजांनी आपल्याकडचा आंबा तिकडे नेला आणि तिकडचा काजू गोव्यात आणला. या सौद्याबद्दल कोकणात तरी कुणी तक्रार करणार नाही. १६१६ सालचा किल्ला, रबराच्या भरभराटीच्या काळातलं १८७८ चं नाट्यगृह, बंदरालगतचा ‘वेर-ओ-पेसो’ म्हणजे ‘वजन बघा’ नावाचा बाजार (मालाचं वजन करून इथे कर घेत) हे सगळं कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडतं. पण या गावाचा खरा मान २८ मे १८४८ रोजी इथे उतरलेल्या दोन इंग्रज मित्रांमुळे आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस पंचवीस वर्षांचा, हेन्री वॉल्टर बेट्स तेविसाचा. एक शाळामास्तर, दुसरा मोजेवाल्याचा मुलगा. लेस्टरमध्ये भुंग्याफुलपाखरांच्या नादानं त्यांची गट्टी जमली होती. प्रजाती कशा निर्माण होतात हे शोधायचं आणि नमुने लंडनला विकून पोट भरायचं, असा त्यांचा बेत होता.

ही सफर फसली असं मानायची पद्धत आहे, कारण १८५२ मध्ये मायदेशी निघालेल्या वॉलेसच्या ‘हेलन’ जहाजाला भर समुद्रात आग लागली. नमुने गेले, ताडांची आणि माशांची काही चित्रं तेवढी एका पत्र्याच्या पेटीतून वाचली. हा निकाल घाईचा आहे. ॲमेझॉनच्या मोठ्या नद्या माकडांच्या जातींमधल्या सीमा ठरतात, हे वॉलेसनं परतताच मांडलं. मागे राहिलेल्या बेट्सनं अकरा वर्षांत चौदा हजारांवर प्रजाती गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे आठ हजार विज्ञानाला नव्या होत्या. पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरांचं रूप दुसरी फुलपाखरं घेतात, हा त्याचा शोध डार्विनच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरला.

यावर कुणी म्हणेल, हे दोघे तर वर्षभरातच वेगळे झाले, मग मैत्रीचं एवढं कौतुक कशाला? पण एकाच रानात दोन जाळी फिरली तर किडे तेच सापडणार आणि विकायलाही तेच राहणार. १८५० मध्ये आजच्या मनाऊसला भेटून त्यांनी वाटा वाटून घेतल्या : वॉलेस रिओ नेग्रोकडे, बेट्स मुख्य नदीनं वर. पुढच्या वर्षी वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट बेलेममध्ये पीतज्वरानं गेला, तेव्हा त्याच्या उशाशी बेट्स होता आणि तोही त्याच तापानं आजारी पडला. भांडून वेगळे झालेले लोक असं वागत नाहीत.

खरं काम तर वरच्या जंगलात झालं, बेलेम नुसता धक्का, हा आक्षेपही टिकत नाही. गावापासून तासाभराच्या चालीत फुलपाखरांच्या सुमारे सातशे जाती मिळतात, अशी नोंद बेट्सनं केली. अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याच्या हिशेबानं ६६ होत्या. त्या चालीचं रान आता शहरानं गिळलंय. बेलेमला गेलात तर नाट्यगृहाला थोडा कमी वेळ द्या आणि बॉस्के रॉड्रिग्ज आल्विस या बागेत जा. भर वस्तीत मूळ जंगलाचा पंधरा हेक्टरांचा तुकडा तिथे अजून उभा आहे.